रसूलचं रोम

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगेन सांगेन म्हणत राहिलो आणि ती गेली. मुलांनी लहानपणी हट्ट केला, तेव्हा त्यांना तोफांच्या आणि खेचरांच्या गोष्टी सांगून झोपवलं. मी लढाईत इटलीला होतो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी रोम पाहिलं हेही ठाऊक आहे. त्यातलं दुसरं खोटं आहे. रोमच्या रस्त्यांवरून मी हिंडलो, एका देवळातही गेलो, पण जे पाहिलं म्हणून सांगत सुटलो ते पाहिलं नव्हतं. पाहिलं ते गेल्या वर्षी, हातात काठी आल्यावर, नातीचा दंड धरून.

नात मीनल नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत असते. तिनं हौसेनं बोलावलं आणि रोमला नेलं. पोपच्या वाड्यातलं ते मोठं संग्रहालय. आत शिरल्यावर एक चौक लागतो. चौकाच्या एका अंगाला उंचावर पितळेसारख्या धातूचं, माणसाहून मोठं असं देवदाराचं बोंड आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोर उभे आहेत. मान वर केलेले.

मी जवळच्या पायरीवर बसलो.

"आजोबा, पाय दुखतायत का?"

"हो," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरीला कसं सांगू, की हे मोर मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते, तरी तरणेपणी एका आंधळ्या माणसाला ते सांगितले होते. आणि त्या मोरांवरून आमच्या गावच्या जत्रेत त्याचं हसं झालं, तेव्हा मी चार हातांवर उभा होतो.

त्याचं नाव रसूल आतार. पाटणच्या खालच्या अंगाला, कोयनेच्या काठावर आमचं गाव. रसूलचा बाप अत्तराची पेटी खांद्याला अडकवून पंचक्रोशीतल्या जत्रा करायचा. सागवानी पेटी, आत मखमलीच्या खणांत बोटाएवढ्या कुप्या. खस, हिना, केवडा, मोगरा आणि मातीचं अत्तर. त्यांच्या ओट्यावरून जाताना उन्हाळ्यातही पाऊस पडून गेल्यासारखं वाटायचं. ईदेला आणि दसऱ्याला रसूल माझ्या कानात अत्तराचा फाया खोचायचा. मग मी शाळेत मान तिरकी करून बसायचो, वास शेजारच्याला जावा म्हणून.

साताऱ्याला भरतीला आम्ही बरोबरच गेलो. रसूल अंगानं किडकिडीत. छाती मोजायची वेळ आली तेव्हा त्यानं एवढा श्वास कोंडला की डोळे लाल झाले. मोजणारा म्हणाला, "आता सोड की रं." रसूल दातांवर दात धरून म्हणाला, "सोडला तर घरला जावं लागंल, साहेब." तो मोजणारा हसला, आणि त्या हसण्यात रसूल पलटणीत शिरला.

त्याचे डोळे इटलीच्या डोंगरात गेले. कसे गेले ते मला लिहवत नाही. त्याच सुमारास माझ्या मांडीत लोखंड शिरलं होतं. दोघंही एकाच इस्पितळात पडलो, तंबूत शेजारी शेजारी. फिनेलचा वास, ओल्या कांबळ्यांचा वास, आणि ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज. रसूल तोंड वर करून ऐकत पडलेला असायचा. मला म्हणायचा, "हितली नर्स येती न्हवं, तिच्या हाताला लिंबाचा वास येतोय बग. गोरी हाय का रं?" मी म्हणायचो, "हाय." तो म्हणायचा, "मला वाटलंच. लिंबं परवडत्यात म्हंजे गोरीच असणार."

बरे होत आलेल्यांना रविवारी लॉरीत घालून रोमला न्यायचे. पहिल्या खेपेला आम्ही तिथल्या सगळ्यात मोठ्या देवळात गेलो. रसूलनं माझं कोपर धरलं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर पलटणीची टोपी. दारातच काळ्या कपड्यांतली एक म्हातारी पुढं आली, तिनं रसूलचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि रडायला लागली. लोक थांबून बघायला लागले. रसूल चुळबुळला नाही. उलट म्हणाला, "आईच्या हाताला मेणाचा वास हाय." माझे मात्र कान तापले. एवढ्या लोकांपुढं आंधळ्याला धरून उभा असलेला मी, मला माझीच लाज वाटली. लाज कशाची, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

पुढच्या रविवारी पोपच्या वाड्यापाशी मोठी रांग होती. मी रसूलला बाहेरच्या मोठ्या चौकातल्या कारंज्याच्या कट्ट्यावर बसवलं.

"रसूल, आत लय गर्दी हाय. जिनं हायत समदं. तू हितंच बस. मी बगून येतो आन् सांगतो."

"बरं. पर समदं सांग हं. रंग सांग. वास काय, मी घेईन हितनंच."

मी रांगेत उभा राहिलो नाही. मागच्या गल्लीत आपल्याकडची दोन पोरं तांबडी दारू पीत बसली होती, त्यांच्यात जाऊन बसलो. उन्हं कलली तेव्हा परतलो. रसूल तिथंच होता. कारंज्याच्या तुषारांनी त्याची एक बाजू भिजली होती आणि टोपीवर कबुतर शिटून गेलं होतं.

"बगितलंस?"

"बगितलं की."

"छत कसं हाय?"

मी वर आभाळाकडं पाहिलं. नवरात्रात आमच्या देवीच्या देवळात मंडपाला आरसे टांगतात, तेच मला आठवलं. म्हणालो, "आरशाचं हाय. निळ्या आरशाचं."

"आं? आन् भिती?"

"भितीवर हत्ती हायत. अंबारीचं."

"हत्ती? हितं?"

"राजंरजवाडं म्हटल्यावर हत्ती नसत्यात व्हय?"

"सांगलीच्या गणपतीच्या हत्तीएवढं?"

"त्येच्या दुप्पट."

त्यानं हवेत दोन्ही हात पसरले, मग आणखी पसरले. तो आनंद बघून माझी जीभ सुटली. चौकात मोर उभे केले, तळ्यात कमळं सोडली, जमिनीला पोवळ्याचा रंग दिला. रसूल ओठ हलवत एकेक पाठ करत होता. मग मी गप्प झालो, तेव्हा त्यानं त्याचं रोम मला सांगितलं. जवळून म्हातारा पाद्री गेला की ट्रंकेत ठेवलेल्या शालीचा वास येतो. कुठंतरी कसलं तरी फळ निखाऱ्यात भाजतात, त्याचा वास आपल्या हुरड्याच्या आगटीसारखा आहे. दगड ओला झाला की लोखंडासारखा वास येतो. त्याचं सगळं खरं होतं. गेल्या वर्षी त्याच कारंज्यापाशी उभं राहून मी हुंगून पाहिलं.

प्रत्येक रविवारी असंच झालं. तो पडका गोल आखाडा, कुणा सरदाराचा वाडा, पुतळ्यांची दालनं. मी त्याला बाहेर बसवायचो, गल्लीत जायचो, परत येऊन सांगायचो. खात्री पटावी म्हणून दारावरच्या पोराकडून त्या त्या इमारतीचं चित्र असलेलं कार्ड आणायचो. काळी-पांढरी कार्डं. रसूल ती छातीच्या खिशात ठेवायचा.

त्या पहिल्या देवळानंतर एकच जागा आम्ही दोघांनी खरी पाहिली. ती नेपल्सला.

परतीचं जहाज नेपल्सहून होतं. समुद्राकाठी तिथल्या राजाचा वाडा आहे, त्यात तेव्हा शिपायांसाठी चहाची कँटीन होती. मी त्याला बाहेर बसवणार, तर रसूल म्हणाला, "आज मी येणार. चहा तू हितं आणून देशील, पर वाडा कसा आणून देशील?" आत शिरलो. पांढऱ्या संगमरवराचा जिना, एका वेळी बैलगाडी चढेल एवढा रुंद, पुढं जाऊन दोन्हीकडं फुटलेला. रसूलनं कठड्यावरून हात फिरवला, पायरीची कड चाचपली, आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"काय करतोस रं?"

"राजाचा वाडा हाय. पायताण घालून जायाचं व्हय?"

"अरं, गोरं समदं बुटासकट चाललंत."

"त्येंचं त्येंच्याबरुबर. माजा बाप पाटलाच्या ओसरीवर जाताना वहाणा काढतो, आन् मी राजाच्या जिन्यावर घालून जाऊ?"

गोरे शिपाई थांबून हसले. मला पळून जावंसं वाटलं. पण मग कसं कुणास ठाऊक, मीही खाली बसलो आणि बूट काढले. बुटांच्या जोड्या नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवल्या आणि आम्ही अनवाणी जिना चढलो. संगमरवर बर्फासारखा गार होता. रसूल प्रत्येक पायरीवर तळपाय पुरा टेकवायचा, जरा थांबायचा, मग पुढची. वर गेल्यावर म्हणाला, "गड्या, ही एक जागा मी तुज्याएवढीच बगितली."

चहा गोड होता. खालून समुद्राचा खारट वारा येत होता, जिना नुकताच पुसलेला होता. रसूल नाक उंच करून कितीतरी वेळ बसला.

गावी आल्यावर बापाच्या पेटीचं त्यानं काय केलं, ते आता आमच्या गावात सांगणारं कुणी उरलेलं नाही. सुताराकडून पेटीला समोर तीन गोल भोकं पाडून घेतली, त्यांत भिंगं बसवली. आत कापडाच्या पट्टीवर कार्डं चिकटवली, पट्टी दोन रुळांना गुंडाळली, बाजूला दांडा लावला. पट्टीच्या कडेला दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. अंगठ्याखाली गाठ आली की कुठलं चित्र आलं ते त्याला कळायचं. आणि पेटीच्या झाकणात कुप्यांची एक ओळ तशीच ठेवली होती. कारण रसूलचं रोम नुसतं बघायचं नव्हतं. चित्र फिरलं की तो बघणाऱ्याच्या मनगटावर त्या जागेचा वास लावायचा. पाद्र्यांच्या शालीचा, मेणाचा, ओल्या दगडाचा. अत्तरात अत्तर मिसळून ते वास त्यानं कसे जुळवले होते, ते त्यालाच ठाऊक.

"या, या! रोम बगा, पोपाचा वाडा बगा! वर बगाल तर निळं आरसं, आरशात हत्ती, हत्तीवर अंबारी! चौकात मोर, तळ्यात कमळ! मान वर करू नका, पोरांनो, पेटी खाली हाय!"

कराडच्या पलीकडं न गेलेल्या बाया पदर सावरून भिंगाला डोळा लावायच्या. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "रसूल, तितल्या बाया पाणी कुटनं भरत्यात रं?"

"जागोजागी कारंजी हायत, मावशे. रातदिस वाहत्यात."

"मग सुखी हायत रांडा," म्हातारी म्हणाली आणि दुसऱ्यांदा रांगेत लागली.

काळ्या-पांढऱ्या चित्रांना तो रंग सांगायचा. माझे रंग. कुणी शंका काढली की माझ्या दिशेनं हात करायचा. "ह्येला इचारा. ह्यो हुता संगं." मी मिशीवर बोट फिरवून म्हणायचो, "अगदी तस्संच हाय." पुढं पुढं मलाही ते आरसे दिसायला लागले. पारावर, लग्नघरी, सासुरवाडीला मी तेच सांगू लागलो. आंधळ्याचं रोम आणि माझं रोम एकच झालं.

मग ती चैत्रातली जत्रा आली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. तासगावकडून मेहुणे आले होते, मी नवा फेटा बांधून त्यांना मिरवत होतो. सकाळीच रसूलनं माझ्या कानात हिन्याचा फाया खोचला होता. "नवरदेव हाईस, वास आला पायजे," म्हणाला. पाळण्यांची करकर, भेंडबत्ताशांच्या पाट्या, तळणीचा धूर, आणि त्या सगळ्यातून रसूलचा आवाज. मी मेहुण्यांना घेऊन पेटीपाशी गेलो.

तिथं शेजारच्या गावचे एक सुभेदार उभे होते. नुकतेच पेन्शनीत आलेले, तेही इटली करून. माणूस वाईट नव्हता, थट्टेखोर होता. त्यांनी भिंगाला डोळा लावला, रसूलचं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"रसूल, छताला आरसं हायत व्हय?"

"हायत की, सुभेदारसाब."

"अरं, मी सोता जाऊन आलोय. आरसा म्हून एक न्हाई. नुसती चितारल्याली माणसं, आन् तीबी उगडीनागडी! मान मोडंस्तवर बगितलीत मी."

माणसं हसली. सुभेदारांना चेव आला.

"हत्ती कुटनं आणलंस? वैरण कोण घालतंय त्येस्नी, पोप? आन् मोर? आन् काय म्हणालास, राजाच्या वाड्यात पायताण काढून चढलास? मग राजानं पाट मांडला आसंल! रांगोळी काडली हुती का न्हाई?"

आता पेटीभोवतीची सगळीच गर्दी हसत होती. माझे मेहुणेही हसत होते, आणि हसता हसता त्यांतला एक माझ्याकडं पाहत होता. रसूलचा हात दांड्यावर थांबला होता. त्यानं एवढंच म्हटलं असतं तरी तो सुटला असता, की हे मला ह्यानं सांगितलं. तो ते म्हणाला नाही.

"सुभेदारसाब, मला डोळं न्हाईत," तो म्हणाला. "आतलं चुकलं आसंल माजं. त्ये सोडा. पर जिना मी पायानं चडलोय. त्यो खोटा न्हाई."

मग त्यानं तोंड फिरवलं. गर्दीत मी कुठं आहे ते त्याला दिसत नव्हतं, पण माझ्या कानात त्यानंच लावलेला हिना होता. तो थेट माझ्याकडं वळला.

"सांग की रं, गड्या. जिन्याचं तेवडं सांग. तूबी बूट काढलं हुतंस न्हवं?"

माझ्या तळपायांना तो गारवा आठवला. त्या क्षणी, त्या उन्हात, आठवला. आणि मी म्हणालो, "लय दिस झालं. मला न्हाई बा आठवत."

हसणं आणखी मोठं झालं असेल, मला ऐकू आलं नाही. रसूलनं मान हलवली. दांडा उलटा फिरवत पट्टी पहिल्या चित्रापर्यंत गुंडाळली, भिंगांवर फडकं टाकलं, पट्टा खांद्याला लावला. मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत तोच बोलला. माझ्यासाठी बोलला.

"लय जिनं चडलो आपण. येकादा इसरतो माणूस."

त्यानंतर पेटीची भोकं त्यानं फळी ठोकून बुजवली. आत पुन्हा कुप्याच आल्या. पोरं मागं लागायची, "रसूलचाचा, रोम दाव की." तो म्हणायचा, "रोम पडलं, पोरांनो. लढाईत पडलं."

मी गाव सोडलं. सांगलीजवळ माधवनगरच्या मिलमध्ये लागलो. दिवसभर कापसाची धूळ आणि मागांचा खडखडाट, त्यात काही आठवायला जागा नसायची, म्हणून मला ते काम बरं वाटलं. पुढं कळलं की रसूलही सांगलीला आला आहे, बाजारात अत्तर विकतो. मी सांगलीला जायचो ते तो रस्ता टाळून. एकदा मात्र ठरवून गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेलो. रसूल, माझं चुकलं. एवढंच होतं, तरी घोकत गेलो.

मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ये. पाय तुजंच हायत. मांडी आजून वडतोस."

जवळ बसवलं. घरचं विचारलं, बायकोचं विचारलं. मग पेटीतली एक कुपी चाचपून काढली, कापसाचा फाया भिजवला आणि पूर्वीसारखा माझ्या कानात खोचला.

"वळक बगू."

मातीचं अत्तर होतं, त्यात खस होता, आणि त्या दोन्हींच्या खाली कसली तरी खारट, गार कड होती. पुसलेला संगमरवर. समुद्राचा वारा. मला पहिल्या श्वासाला कळलं. त्यानं ते इतकी वर्षं जपलं होतं, कुणासाठी जपलं होतं तेही कळलं. नुसतं 'जिना' म्हणायचं होतं. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"मोगरा हाय न्हवं?" मी म्हणालो.

 कुपीला बूच लावत रसूल म्हणाला, "व्हय. मोगराच."

नंतर मी उसाला यंदा पाणी पुरेल का, असलं काहीतरी बोलून उठलो.

त्याच थंडीत तो तापानं गेला. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. कबरीवर जायला माझी पावलं उचलली नाहीत. पावलं ओळखणारा माणूस तो.

गेल्या वर्षी रोमनंतर मीनल म्हणाली, अजून काही बघायचंय का, आजोबा? मी नेपल्स म्हणालो. तो वाडा आता संग्रहालय आहे. आत शिरलो आणि जिना समोर आला. तसाच पांढरा, तसाच पुढं दोन्हीकडं फुटलेला. मी खालच्या पायरीवर बसलो आणि बूट काढायला लागलो. नाड्यांची गाठ सुटेना. मीनल घाबरून जवळ आली, तिथला पहारेकरी आला, दोघं आपसात काहीतरी बोलले. मग पोरीनं वाकून माझ्या नाड्या सोडल्या. का, असं तिनं विचारलं नाही.

मी अनवाणी चढलो. प्रत्येक पायरीवर तळपाय पुरा टेकवून, थांबून. वर पोचलो तेव्हा खालून वारा आला. माझ्या ओठांवर शब्द आले, अगदी जोरानं आले, आणि ज्यानं ते ऐकायचे तो नव्हता.

रसूल, जिना खरा हुता. मी संगं हुतो. माजंबी पाय गारठलं हुतं. चौकात मोर हायत रं, दोन हायत, आता बगून आलो. आन् त्यो मोगरा न्हवता, मला ठावं हुतं, त्यो मोगरा न्हवता.